नसलेल्या यंत्राचा दुभाषी

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन तेव्हा गडावर होता आणि त्याच्यासोबत नारायण शेणवी हा दुभाषी होता. दरबारात इंग्रज वकिलाने अंतरावरूनच मुजरा केला. त्या वेळी नजराण्याची हिऱ्याची अंगठी नारायण शेणवीने उंच धरली आणि महाराजांचं लक्ष वेधलं गेलं, अशी हकिकत ऑक्झिंडनच्या वृत्तान्तात आहे.

दोन भाषांमधला व्यवहार दोन प्रकारांनी होऊ शकतो. एक, आख्खं पत्र बसून भाषांतरित करायचं. हे काम एकदाच करावं लागतं. भाषांतर हाती आलं, की भाषांतरकार घरी गेला तरी चालतं आणि पत्र हवं तितक्या वेळा वाचता येतं. दुसरा प्रकार दुभाष्याचा. तो समोर उभा राहतो, एक वाक्य ऐकतो, त्याचा अर्थ लगेच पलीकडे पोचवतो, उत्तर आणतो, मग पुढचं वाक्य. यात वेळ जातो आणि प्रत्येक भेटीला दुभाषी हजर लागतो. पण बोलता बोलता प्रश्न बदलता येतो, समोरच्याला काही कळलं नाही तर तिथल्या तिथे समजतं.

संगणकाच्या जगात पहिल्या प्रकाराला कंपायलर म्हणतात आणि दुसऱ्याला इंटरप्रिटर. माणसाने लिहिलेला प्रोग्राम कंपायलर यंत्राच्या आज्ञांमध्ये एकदाच उतरवून ठेवतो. इंटरप्रिटर मात्र प्रोग्राम चालू असताना त्यातली एकेक आज्ञा वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि ती पाळतो. पाठ्यपुस्तकात हा फरक दोन रकान्यांत मांडलेला असतो आणि परीक्षेला तो चार गुणांना येतो. इंटरप्रिटरच्या रकान्यात पहिला शब्द असतो 'संथ'.

तरीही हा संथ दुभाषी सत्तर वर्षं टिकला, आणि आज त्याचंच राज्य आहे. ते का, हे समजून घ्यायला राहाता तालुक्यातून सुरुवात करणं सोयीचं आहे.

कागदावरचं यंत्र

राहात्याहून नगरच्या दिशेने निघालं आणि बाभळेश्वरला वळलं, की लोणी लागतं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकारी साखर कारखान्यामुळे हे गाव सर्वांना माहीत आहे. १९८३मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. त्या लाटेच्या सुरुवातीलाच प्रवरेच्या काठी ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालय उभं राहिलं. ते पुणे विद्यापीठाला जोडलेलं. त्यामुळे पुण्यातला विद्यार्थी जे शिकणार, तेच लोणीतला शिकणार.

पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला 'सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग' हा विषय असतो. त्यासाठी महाराष्ट्रातल्या कित्येक तुकड्यांनी वापरलेलं पुस्तक म्हणजे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांचं. या पुस्तकात एक संगणक आहे, आणि तो जगात कुठेही अस्तित्वात नाही. त्याला एकूण अकरा आज्ञा कळतात. त्यांना ०० ते १० असे क्रमांक आहेत. ०० म्हणजे थांब, ०१ बेरीज, ०२ वजाबाकी, ०३ गुणाकार. ०४ला 'मूव्हर' म्हणतात, म्हणजे स्मृतीतला आकडा रजिस्टरमध्ये आण. ०५ 'मूव्हेम', म्हणजे रजिस्टरमधला आकडा स्मृतीत ठेव. रजिस्टरं चार. '०४ १ ११५' याचा अर्थ, स्मृतीतल्या ११५व्या घरातला आकडा पहिल्या रजिस्टरमध्ये आण. मूव्हर आणि मूव्हेम हे शब्द काढले, की महाराष्ट्रातल्या कोणत्याही संगणक अभियंत्याच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू उमटतं.

हे यंत्र ढमढेऱ्यांनी मुद्दाम कागदावरच ठेवलं. खऱ्या यंत्रांच्या आज्ञा शेकडो असतात, दर काही वर्षांनी बदलतात आणि प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. अकरा आज्ञांचं यंत्र मात्र एका विद्यार्थ्याच्या डोक्यात आख्खं मावतं. विद्यार्थी त्या यंत्रासाठी दोन फेऱ्यांचा असेंब्लर लिहितात. एखादा उत्साही विद्यार्थी पुढे जातो. आकड्यांत उतरलेला तो प्रोग्राम आता चालवायचा कुठे? यंत्र तर नाही. मग तो एक छोटा प्रोग्राम लिहितो, जो दर फेरीला चार गोष्टी करतो: पुढची आज्ञा उचल, तिचा क्रमांक बघ, त्या क्रमांकाला जे करायचं ते कर, पुढच्या घरावर जा. ००चा क्रमांक आला, की थांब.

ही चार पावलांची फेरी म्हणजेच इंटरप्रिटर. तो लिहून झाला, की नसलेलं यंत्र टेबलावर येऊन चालू लागतं.

मुळात संगणकाची कल्पनाच अशी आहे. १९३६मध्ये ॲलन ट्युरिंगने कागदावर असं एक यंत्र मांडलं, जे दुसऱ्या कोणत्याही यंत्राचं वर्णन वाचून त्याची हुबेहूब नक्कल करू शकेल. तेव्हा जगात इलेक्ट्रॉनिक संगणक नव्हता, पण दुभाष्याचा आराखडा तयार होता.

वेळ कुणाचा महाग?

खरे संगणक आले तेव्हा ते इतके महाग होते, की त्यांचा एकेक मिनिट मोजला जाई. माणूस त्या मानाने स्वस्त. अशा काळात यंत्राचा वेळ खाणारा दुभाषी कोण ठेवणार? तरीही १९५३मध्ये आयबीएमच्या जॉन बॅकसने ७०१ या यंत्रासाठी 'स्पीडकोडिंग' नावाचा इंटरप्रिटर केला. दशांश अपूर्णांकांची गणितं त्या यंत्राला थेट येत नसत. ती स्पीडकोडिंगमुळे चार ओळींत मांडता येऊ लागली. किंमत मात्र जबर होती. प्रोग्राम दहा ते वीस पट हळू चालत आणि दुभाष्याला राहायला स्मृतीतली ३१० घरं लागत. लोकांनी ती मोजली, कारण प्रोग्राम लिहून त्यातल्या चुका काढण्यात माणसांचे आठवडे जात होते आणि त्याचाही खर्च होताच. पुढे बॅकसच्याच चमूने १९५७मध्ये फोरट्रान हा कंपायलर आणला आणि वेगाचं पारडं पुन्हा जड झालं.

दुसरी घटना एमआयटीतली. जॉन मॅकार्थी लिस्प ही भाषा आखत होता. भाषेची ताकद दाखवण्यासाठी त्याने त्याच भाषेत एक सूत्र लिहिलं, जे लिस्पमधल्या कोणत्याही वाक्याचा अर्थ लावू शकेल. हे सूत्र वाचण्यासाठी होतं, चालवण्यासाठी नव्हे. स्टीव्ह रसेल या त्याच्या सहकाऱ्याला वाटलं, हे यंत्रात घालायला काय हरकत आहे? मॅकार्थीचं मत पडलं, की रसेल सिद्धान्त आणि व्यवहार यांची गल्लत करतोय. रसेलने ते आयबीएम ७०४च्या आज्ञांमध्ये हाताने उतरवलं आणि ते चाललं. भाषेचा अर्थ सांगणारं पान हेच तिचं यंत्र होऊ शकतं, हे तेव्हा दिसलं.

मुंबईत याच सुमारास टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफरॅक हा देशी बनावटीचा संगणक १९६०मध्ये कामाला लागला, आणि १९६४मध्ये तिथे सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आलं. देशभरातले शास्त्रज्ञ त्याच्यावर काम करून घेत. रीत अशी, की प्रोग्राम कार्डांवर भोकं पाडून लिहायचा, कार्डांची चळत खिडकीत द्यायची आणि छापील उत्तराची वाट बघायची. एका कार्डावर स्वल्पविराम चुकला, तर उत्तराऐवजी चुकीची सूचना हाती यायची, आणि मग पुन्हा चळत, पुन्हा खिडकी, पुन्हा वाट. यंत्र महाग आणि माणूस स्वस्त असला की असं होतं. यंत्राशी संभाषण नसतं, अर्ज-विनंत्या असतात.

यंत्र हाताशी नसताना

सत्तरच्या दशकात भारतात परदेशी यंत्र आणणं म्हणजे परवाने, परकीय चलन आणि वर्षानुवर्षांची वाट. मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसला १९७४च्या सुमारास एक परदेशी काम मिळालं. बरोज कंपनीच्या मध्यम यंत्रांच्या कोबोलमध्ये लिहिलेली रुग्णालयांच्या हिशेबाची प्रणाली त्याच कंपनीच्या लहान यंत्रांच्या कोबोलमध्ये आणायची होती. हाताशी होतं आयसीएल १९०३ हे ब्रिटिश यंत्र. त्यांनी त्या वेगळ्याच यंत्रावर एक भाषांतर करणारा प्रोग्राम लिहिला आणि काम पार पाडलं. भारतीय सॉफ्टवेअर निर्यातीच्या पहिल्या काही कामांपैकी हे एक. म्हणजे त्या धंद्याची सुरुवात, एका अर्थी, समोर नसलेल्या यंत्रासाठी लिहिण्यापासून झाली.

योगायोग असा, की बरोजची ती लहान यंत्रं, म्हणजे १९७२ची बी १७०० ही मालिका, दुभाष्यांवरच उभी होती. इतर यंत्रांच्या आज्ञा कारखान्यातच ठरलेल्या असत. बी १७००ला स्वतःची अशी ठाम भाषा नव्हती. कोबोलचा प्रोग्राम आला की ती कोबोलचा दुभाषी पुढे करी, फोरट्रानचा आला की फोरट्रानचा.

अमेरिकेतही हाच डाव दिसतो. १९७५मध्ये अल्टेअर हा स्वस्त संगणक बाजारात आला, तेव्हा बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांच्याकडे तो नव्हता. ॲलनने हार्वर्डच्या मोठ्या यंत्रावर अल्टेअरच्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम लिहिला. त्या नकलेवर दोघांनी बेसिक भाषेचा इंटरप्रिटर घडवला. खऱ्या अल्टेअरवर तो पहिल्यांदा चालला तो थेट गिऱ्हाइकाच्या कार्यालयात. एका दुभाष्याच्या खांद्यावर बसून दुसरा दुभाषी जन्मला.

पण या गोष्टीतला महाराष्ट्राशी सर्वांत जवळचा धागा झुरिकमध्ये आहे. निकलाउस विर्थने तिथे पास्कल ही भाषा केली होती. ती जगभरातून मागितली जाऊ लागली, पण प्रत्येक विद्यापीठाचं यंत्र वेगळं. प्रत्येकासाठी वेगळा कंपायलर लिहिणं अशक्य. म्हणून १९७०च्या दशकाच्या मध्यात तिथल्या चमूने एक संच तयार केला. त्यातला कंपायलर कोणत्याही खऱ्या यंत्रासाठी नव्हता, एका काल्पनिक यंत्रासाठी होता. त्या यंत्राच्या आज्ञांना पी-कोड म्हणतात. ज्याला पास्कल हवी, त्याने आपल्या यंत्रावर त्या काल्पनिक यंत्राचा छोटा दुभाषी तेवढा लिहायचा. बाकी सगळं तयार. या संचाच्या अहवालावर पहिलं नाव आहे के. व्ही. नोरी यांचं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले केशव नोरी पुढे पुण्याच्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्रातही होते.

पी-कोडचं यंत्र साधं आहे. त्यात ताटांसारखी आकड्यांची एक चळत असते. '३ + ४ × २' हे गणित त्याला असं सांगावं लागतं: ३ ठेव, ४ ठेव, २ ठेव, वरच्या दोहोंचा गुणाकार कर, वरच्या दोहोंची बेरीज कर. मूळ वाक्यापासून इथवर येण्यासाठी आधी पदच्छेद करावा लागतो, म्हणजे अक्षरांच्या ओळीतून शब्द वेगळे काढायचे. मग अन्वय लावावा लागतो, म्हणजे गुणाकार आधी की बेरीज, कोण कुणाला लागू आहे हे ठरवायचं. ओवीचा अर्थ लावताना आपण हेच करतो. कंपायलर असो की इंटरप्रिटर, पदच्छेद आणि अन्वय दोघांनाही चुकत नाहीत. फरक त्यानंतर सुरू होतो.

पी-कोड सॅन डिएगोच्या विद्यापीठात गेला, तिथून छोट्या घरगुती संगणकांवर पोचला. जेम्स गॉस्लिंग विद्यार्थी असताना अशाच एका काल्पनिक यंत्राच्या आज्ञा खऱ्या यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवण्याचं काम करत होता. १९९५मध्ये त्याची जावा आली, तीही एका काल्पनिक यंत्रासाठी. लोणीतला विद्यार्थी ढमढेऱ्यांच्या यंत्राचा असेंब्लर जावात लिहितो, तेव्हा एका नसलेल्या यंत्रावर बसून तो दुसऱ्या नसलेल्या यंत्रासाठी लिहीत असतो.

ठिपक्यापाशी

शाळांपर्यंत संगणक पोचला तोही दुभाष्याच्या हाताला धरून. १९८४-८५मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेत देशातल्या सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो हे यंत्र मिळालं. ते चालू केलं की क्षणात बेसिकचा इंटरप्रिटर हजर होई, कारण तो १६ किलोबाइटच्या चिपमध्ये कायमचा बसवलेला होता. मुलाने एक ओळ लिहायची, यंत्राने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. कार्डांची खिडकी संपली.

कार्यालयांमध्ये हेच काम डीबेसने केलं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तालुक्याच्या गावांत कॉम्प्युटर क्लास निघाले, त्यांच्या पाट्यांवर वर्डस्टार, लोटस, डीबेस ही त्रयी असे. डीबेस पडद्यावर नुसता एक ठिपका दाखवून थांबायचा. त्या ठिपक्यापुढे पतसंस्थेच्या कारकुनाने सभासदांची यादी उघडायची, साकुरीचे सभासद तेवढे दाखव म्हणायचं, आणि यादी समोर. प्रोग्राम म्हणजे याच आज्ञा एका फाइलीत ओळीने लिहिलेल्या. ती उघडता येई, वाचता येई, व्याजाचा दर बदलला तर बदलता येई. नंतर क्लिपर नावाचा कंपायलर आला. वेग वाढला, पण गिऱ्हाइकाच्या हाती पडायची ती बंद पेटी. दर बदलायचा तर प्रोग्रामरला फोन. वेग आणि मोकळेपणा यांच्यातला हा सौदा कारकुनाने ठरवलेला नव्हता.

याच काळात पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड आणलं. ते संगणकात बसवलं, की डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्राममध्ये देवनागरी अक्षरं लिहिता-वाचता येत. सभासदाचं नाव मराठीत, गाव मराठीत. आज्ञा मात्र इंग्रजीतच. आपल्या भाषेचं संगणकातलं स्थान त्या कार्डाने नेमकं दाखवलं: ती माहिती होऊ शकते, संभाषण होऊ शकत नाही.

दुभाष्याची दुसरी भाषा

त्यानंतर संथपणाची तक्रार जवळपास मिटली. यंत्रं हजारो पटींनी स्वस्त झाली आणि माणसाचा वेळ महाग झाला. शिवाय दुभाषी हुशार झाला. एखादं वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडतंय असं दिसलं, की आजचा जावाचा किंवा ब्राउझरमधला दुभाषी त्याचं भाषांतर करून जवळ ठेवतो. तुम्ही हा मजकूर ज्या ब्राउझरमध्ये वाचताय, त्यातही असा एक बसलेला आहे. एक्सेलच्या चौकटीत सूत्र लिहून एंटर दाबणारा माणूस इंटरप्रिटरशीच बोलत असतो. आणि आज बहुतेक मुलं प्रोग्रॅमिंगची सुरुवात करतात ती पायथन, तीही इंटरप्रिटरवर चालणारीच भाषा.

पायथनची तिसरी आवृत्ती २००८मध्ये आली, तेव्हापासून तिच्यात चलांना देवनागरी नावं देता येतात. राहात्याचे पेरू प्रसिद्ध आहेत, तर 'पेरू = 12' असं लिहिलं की पायथन ते निमूट स्वीकारतो. 'पेरू = १२' लिहिलं तर मात्र अडतो. गंमत म्हणजे प्रोग्राम चालू असताना वापरणाऱ्याने १२ हा आकडा देवनागरीत टाइप केला, तर त्याचं संख्येत रूपांतर पायथन बिनतक्रार करतो. इथेही जिस्टचीच गोष्ट: माहिती म्हणून चालेल, आज्ञा म्हणून नाही. 'शेतकऱ्यांची_संख्या' या नावाचं तर वेगळंच. यातला मराठीचा खास अर्धा र दोन प्रकारांनी टाइप होतो. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ वापरतात, दुसऱ्यात साध्या र आणि हलन्तापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पायथन पहिला प्रकार घेतो, दुसऱ्याला नाकारतो.

नाकारतो, आणि इंग्रजीत सांगतो, की इथे एक न दिसणारं अवैध अक्षर आहे.

खरी अडचण या वाक्यात आहे. पायथनचे राखीव शब्द पस्तीसच्या आसपास आहेत. मराठी माध्यमातली मुलगी ते आठवड्याभरात पाठ करील. त्यांच्यासाठी मराठी पर्याय केले तर चांगलंच. नेदरलँड्समध्ये फेलिएन हर्मन्स यांनी २०२०मध्ये सुरू केलेल्या 'हेडी' या शिकाऊ भाषेत हिंदीसह अनेक भाषांत आज्ञा लिहिता येतात. पण आज्ञा मोजक्या असतात, उत्तरं मोजकी नसतात. दुभाष्याची सगळी किंमत त्याच्या उत्तरात आहे. कुठल्या ओळीत, काय खटकलं, त्याला काय अपेक्षित होतं आणि काय मिळालं, हे तो तत्काळ सांगतो म्हणून तर सत्तर वर्षं त्याचा संथपणा सोसला गेला.

ते उत्तर वाचता आलं नाही, तर मुलगी काय करते? ती हात वर करते आणि सरांची वाट बघते. सर दुसऱ्या टेबलाशी असतात. तास संपतो. समोरचं यंत्र सीडीसी ३६००च्या कितीतरी पट वेगवान आहे, उत्तर पडद्यावर केव्हाच आलेलं आहे, आणि तरी ती उभी आहे १९६४च्याच खिडकीपाशी, हातात कार्डांची चळत घेऊन.

हे सुधारण्यासाठी नवी भाषा शोधावी लागत नाही. इंटरप्रिटरची चूक सांगणारी वाक्यं प्रोग्राममध्ये कुठेतरी लिहिलेलीच असतात. ती काही शेकड्यांत मोजता येतील एवढी आहेत आणि पायथनचा तर सगळा मजकूर खुला आहे. ती मराठीत आणणं हे काम संगणकाच्या पंडितापेक्षा चांगल्या शिक्षकाचं जास्त आहे. कारण 'अवैध अक्षर' एवढं म्हणून भागणार नाही. 'या शब्दातला अर्धा र दुसऱ्या पद्धतीने टाइप करून बघ' असं सांगावं लागेल. ज्याला दोन्ही बाजू माहीत आहेत त्यालाच ते सुचेल, आणि दुभाषी म्हणतात तो अशालाच.